रिकाम्या खुर्चीचं तेज

हॉलबाहेरची रांग जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत आली होती. आत प्रकाशगुरू माणसाच्या आत्म्याचा फोटो काढत होते. फोटोत चेहऱ्याभोवती सोनेरी वलय यायचं. वलय तुटकं असलं तर शरीरात रोग; पुढच्या दर्शनांत ते पूर्ण झालं की रोग गेला. माझा फोटो काढायला मात्र त्यांनी नकार दिला. "शंकेने तेज आटतं," म्हणाले. माझं औषधांचं दुकान आहे, हे त्यांच्या कानावर गेलं असावं.

मला माझ्या तेजाची फिकीर नव्हती, ताईची होती. गेल्या खेपेला तिचं वलय पूर्ण आलं आणि तिने इन्सुलिन बंद केलं. आता तिला सारखी तहान लागायची, जिना चढताना धाप लागायची. मी हातापाया पडलो.

"तू सुया विकतोस, तू असंच बोलणार," ती म्हणाली. "हा बघ फोटो. साखर असती तर एवढं तेज आलं असतं का?"

फोटो खरंच सुरेख होता.

तिच्या मुलीने तो उजेडात धरून वलय नीट निरखलं. ही माझी भाची प्रकाशाची शिल्पं करते. फिरत्या तारांवर बारीक दिवे लावायचे आणि अंधारात कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं. दिवा जिथून जिथून जातो तिथे फोटोत रेघ उमटते.

"मामा, उद्या फोटोला मी बसते. तुम्ही दिव्याच्या बटणापाशी थांबा," ती म्हणाली. "मी सांगितलं की दाबा."

दुसऱ्या दिवशी हॉलचे पडदे ओढले गेले. "डोळे मिटा," कॅमेऱ्यामागून गुरू म्हणाले. "आत्मा फार लाजाळू. कुणी बघितलं तर त्याला आंधळा करतो." लाजाळूपणाचा हा प्रकार मला नवीन होता. पण ताईसकट सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. भाची खुर्चीत बसली. फ्लॅश चमकला, मिट्ट काळोख झाला आणि थोड्याच वेळात माझ्या कानाशी आवाज आला, "दाबा."

लख्ख उजेड पडला. लोकांनी दचकून डोळे उघडले. खुर्ची रिकामी होती. तिच्यामागे नखशिखांत काळ्या कपड्यांत गुरूंचा मेव्हणा उभा होता आणि हातातला टॉर्च मन लावून गोल फिरवत होता.

"हा तेजवाहक आहे," गुरू म्हणाले.

"दाजी, थांबू का?" तेजवाहकाने विचारलं.

भाचीने कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांना दाखवला. अचानक पडलेल्या उजेडाने फिकटलेल्या फोटोत ती खुर्चीत बसलेली, भोवती अर्धं वलय. "फ्लॅशमध्ये माझा चेहरा उमटला. मी उठून गेले, तरी माझं तेज इथे फिरतच होतं. वलय तुटकं हवं असेल तर टॉर्च मध्येच विझवायचा." मग पुन्हा अंधार करून, सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांदेखत, तिने माझ्या चपलेचा फोटो काढला. वलय पूर्ण आलं. चप्पल निरोगी निघाली.

लोक गुरूंवर तुटून पडले. ताई फोटो मांडीवर घेऊन बसून राहिली.

"मला वाटलं होतं, माझ्यात काहीतरी आहे," ती म्हणाली. इतका राग मला गुरूंचाही आला नव्हता. तेवढा स्वतःचा आला, कारण तिला असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

"आई, वलयं मी तुला हवी तेवढी काढून देईन," भाची म्हणाली. "आधी दवाखान्यात चल."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन का थांबवलंत?"

"फोटो छान आला होता," ताई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. अशी माणसं त्यांच्याकडे नेहमी येतात, आणि सगळी वेळेत येत नाहीत. ताई वेळेत पोचली. म्हणून हात जोडून सांगतो: साखर किती आहे हे रक्त तपासून कळतं. दुसऱ्या कशानेही कळत नाही.