खोडलेली ओळ

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात भट्टी आणि मशीन चालवणाऱ्याला खालून उठवून वर काचेच्या केबिनमध्ये बसवायचं ठरलं. त्याआधी कामगारांशी बोलायचं, त्यांच्या शंका लिहून घ्यायच्या, हे काम ऑफिसातल्या भावना मेश्रामकडे आलं. महिनाभर ती पाळीपाळीनं चाळीस जणांना भेटली. एकोणचाळीस राजी होते. उरले दयारामकाका, गोंदियाकडचे, तिच्या वडिलांच्या वयाचे.

"तो काचेत बसन, पोरी. खाली काही झालं त माहा आवाज त्याले कसा ऐकू येईन?"

भावनानं ते वहीत लिहून घेतलं. पण अहवाल टाइप करताना वाटलं, एका माणसापायी पुन्हा बैठका, पुन्हा तारखा. मॅनेजर शिशिर सरांना 'सगळे तयार' एवढंच हवं होतं. तिनं ती ओळ खोडली. सरांनी सर्वांसमोर तिचं कौतुक केलं.

केबिन सुरू झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात एक तापलेली सळई उसळली. खालची माणसं 'बंद कर' म्हणून ओरडली, वर ऐकूच गेलं नाही, मशीन चालूच राहिलं. मागून आलेली सळई दयारामकाकांच्या पायावर गेली. अपघाताच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं.

भावना फळं घेऊन त्यांच्या घरी गेली, अर्धा तास बसली, तब्येतीची चौकशी करून परतली. चार दिवसांनी पुन्हा गेली.

"काका, तुम्ही सांगितलं होतं. मीच ते अहवालातून काढलं."

काकांनी पायाची पट्टी सारखी केली. "मले वाटे, आपणच धड सांगतलं नाही. पडल्या पडल्या तेच घोकून राहिलो होतो."

त्यांची बायको अंजनाबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती कप तसाच घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत भावनानं वहीतली ओळ वाचून दाखवली.

"अब बोलने से क्या फायदा?" शिशिर सर म्हणाले.

"खाली मशीन थांबवायचं बटण बसवा, सर. आणि त्या कागदावरचा काकांचा दोष काढा. चूक माझी आहे."

बटण आठवड्यात बसलं. कागद बदलायला तीन महिने गेले. भावनाला मेमो मिळाला, तो तिनं सही करून घेतला. काका लंगडत स्टोअरमध्ये रुजू झाले.

पुढच्या बदलाच्या वेळी तिनं प्रत्येकाचं म्हणणं त्याला वाचून दाखवलं, मगच टाइप केलं. काकांनी एक शब्द बदलायला लावला, सही केली आणि कामाला लागले. तिला त्यांच्यापाशी अजून थोडं बसायचं होतं, पण त्यांनी वर पाहिलं नाही.