अधिक आश्विन

वालीवचा आमचा गाळा मुळात लेथ मशीनचा. दर नवरात्रात मी मशीनशेजारी घट बसवायची. यजमानांचा धंदा त्या जागेवर उभा राहिला म्हणून धरलेला नेम. पुढे ते गेले, मशीन विकलं, आणि शहाण्णव साली माझ्या मुलाने, सिद्धेशने, भिंती पांढऱ्या करून तिथे चित्रं लावली. सुरुवातीला शेजारचे कामगार सावलीत डबा खायला येत आणि जाता जाता चित्रं बघत. मग मुंबईची माणसं येऊ लागली. सिद्धेशने बाजूचा गाळा घेतला, मधली भिंत पाडली. घटाची जागा तीच राहिली.

दोन हजार एकमध्ये वाढवलेल्या जागेतलं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं, वसईच्या सेलिनचं. मिठागरांवरची तिची फिल्म भिंतीवर दाखवायची, म्हणून आत मिट्ट काळोख हवा होता. सिद्धेशने नवरात्र टाळूनच तारीख धरली होती. पण कॅलेंडरात त्याने आश्विन बघितला, अधिक बघितला नाही. अधिकात घट बसत नाहीत, नवरात्र महिनाभर पुढे जातं, ते नेमकं त्याच्या तारखेवर आलं. तो प्रोजेक्टर आणायला मुंबईला गेला, त्या सकाळी मी घट बसवून दिवा लावला.

संध्याकाळी तो दारातच थबकला.

"आई, हे काय? परवा उद्घाटन आहे!"

"परवा तिसरी माळ."

"घरी नेऊ या ना. मी स्वतः धरतो."

"बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, बाळा."

"पत्रिका गेल्यात! लोक काय समई बघायला येणारेत?"

मी समईत तेल घातलं. त्याचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं.

सेलिन मागे उभी होती. "काकींवर ओरडू नको रे. चर्चमधला वेदीजवळचा दिवा माझ्या शोसाठी विझवशील? फादर कान धरून बाहेर काढतील. प्लाय मागव, घटाभोवती आडोसा करू. काकी, वरून उघडं ठेवू ना?"

"ठेव. आणि मला वाकून आत जाता आलं पाहिजे."

घटाभोवती खोली उभी राहिली, दाराला काळा पडदा. उद्घाटनाला फिल्म चालू असताना तेलाची वेळ झाली. मी पडदा सारला, तशी उजेडाची तिरीप थेट भिंतीवरच्या मिठावर पडली. माणसं वळली. सिद्धेशने डोळे मिटून घेतले. मी आत जाऊन पडदा ओढला. कुणी उठून गेलं नाही.

दसऱ्यानंतर सुतार खोली मोडायला आला, तर सिद्धेश म्हणाला, "राहू दे." आता गाळे तीन झालेत. त्या खोलीत नव्या चित्रकाराचं एकच चित्र लागतं. नवरात्रात ती रिकामी करून मिळते.

तारखा धरण्याआधी सिद्धेश फोन करतो, "आई, यंदा अधिक आहे का?"