डाव्या हाताची करंगळी

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. मुठीत मावेन एवढंच. धामणकर नाक्यावर लोकांना खात्यातले पैसे काढून देणारं, अर्ज भरून देणारं मनोजचं सेवा केंद्र आहे, तिथे संगणकाशेजारी माझी जागा.

कारखान्यात माझ्या पोटात लाल दिवा बसवला आणि कपाळावर काच. काचेवर बोट टेकलं, की त्याच्या रेषा वाचायच्या आणि हा माणूस तोच आहे असं सांगायचं, हे माझं काम. मी नवा होतो तेव्हा मनोज रोज मऊ फडक्याने मला पुसायचा. "बँकच दारात आली!" म्हणून लोक कौतुक करायचे. पुढे ते फडकं हरवलं. वायरीला चिकटपट्टी लागली. आसपासच्या कापड विणणाऱ्या लूममधली कापसाची बारीक धूळ काचेवर साचू लागली. एखाद्याची ओळख पटली नाही, की मला टपली बसे.

दिघाशीचा हिरामण मात्र वेगळा. लूमवर शिफ्ट करणारा हा माणूस बायकोला, कमळला, घेऊन पगार काढायला यायचा. सूत हाताळून त्याचे अंगठे गुळगुळीत झाले होते. तो आधी गमछ्याच्या टोकाने माझी काच पुसायचा, मग डाव्या हाताची करंगळी टेकवून विचारायचा, "वळखलंस का रं, पाव्हण्या?" मी वाजलो, की म्हणायचा, "हाय बाबा, अजून मी मीच हाय!" सगळं दुकान हसायचं.

गेल्या वर्षी तो गेला.

त्यानंतर एके दुपारी कमळ आली, सोबत मुलगी हेमाली. हेमालीला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मिळाली तरच ती जागा टिकणार होती आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. आधारचा ओटीपी जायचा हिरामणच्या नंबरावर. तो नंबर त्याच्यामागे बंद पडलेला.

"मग बोट लाव," मनोज म्हणाला.

हेमालीने अंगठा टेकवला. पटला नाही. दुसरा. तोही नाही. आईबरोबर सुताच्या कांड्या भरता भरताच तिने अभ्यास केला होता; तिचेही अंगठे बापासारखेच गुळगुळीत झालेले. तिने हात धुतले, बोटं केसांवर घासली. मला काहीच दिसेना.

"अरे डॉक्टरनी, जल्दी करो ना! हमारा भी नंबर है," रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"हू दे डॉक्टर, पयलं इंजेक्शन तुलाच!" कमळने सुनावलं.

"आई, राहू दे. चल घरी," हेमाली म्हणाली.

कमळ हलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने माझी काच लख्ख पुसली.

"डाव्या हाताची करंगळी दे. तुझे बाबा तीच द्यायचे. तिला सूत लागत न्हाय."

हेमालीने करंगळी टेकवली. कमळ माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "वळखलंस का रं, पाव्हण्या?"

ओळखलं! रेष न् रेष ओळखली. मी असा वाजलो, की मनोज खुर्चीतून उठलाच.

"हाय बाबा," हेमाली म्हणाली, "मी मीच हाय!"

"पास हो गई डॉक्टरनी!" रांगेतला तोच माणूस टाळ्या वाजवू लागला. सगळं दुकान हसलं. पूर्वीसारखं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. पहिल्या सुट्टीत हेमाली पांढरा कोट घालूनच केंद्रात आली आणि मनोजच्या हातात एक मऊ फडकं ठेवून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काच पुसत जा. आणि अंगठा पटला नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नका. माणसाला दहा बोटं असतात. कष्टांनी नऊ पुसली, तरी दहावं मागून बघा.