टोंगळा

सकाळपासून तिसरा केसपेपर रेकॉर्डच्या खोलीतून परत आला, तसं डॉ. साखळकरांनी पेन टेबलावर आपटलं. या वेळी कागद घेऊन रेकॉर्ड सांभाळणाऱ्या तारामतीबाई स्वतःच आल्या होत्या.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. दवाखान्याच्या कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, त्यावर बाई रोज नवा शिक्का मारत. जाडजूड पुस्तकात बघून प्रत्येक आजाराचा ठरलेला नंबर कागदावर घालायचं कामही त्यांच्याचकडे, आणि त्यात त्या भारी चिवट. नुसतं ‘सांधेदुखी’ लिहिलेलं त्यांना चालत नसे. कुठला सांधा, डावा की उजवा, कधीपासून, एक्स-रेच्या फोटोत काय दिसलं, सगळं हवं. बाहेर ऐंशी माणसं ताटकळत असताना हा जाच रत्नागिरीहून आलेल्या साखळकरांच्या डोक्यात जाई.

कागद नागुबाईचा होता. साठी ओलांडलेली ही बाई दुष्काळी कामावर, तलावाच्या बांधावर मातीची पाटी वाहत होती. पाणी वाटायचं हलकं काम मिळायला डॉक्टरचा दाखला लागत होता. साखळकरांनी लिहिलं होतं : घोटा दुखतो. एक्स-रेत दोष नाही. नेहमीचं काम करण्यास हरकत नाही.

हा कागद हातात असतानाच व्हरांड्यात नागुबाई मांड्यांवर हात रेटून उठताना बाईंना दिसली होती. आता तिला त्यांनी हाताला धरून आत आणलं.

“मावशी, काय दुखतंय ते हात ठिवून दाखवा.”

“टोंगळा म्हणलं की म्या. बांध चढताना जीव जातोय.”

नागुबाईनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

साखळकरांनी कागद पुढ्यात ओढला. टोंगळा म्हणजे घोटा असं त्यांनी आपल्या मनानं धरलं होतं आणि फोटोही घोट्याचाच काढवला होता. नागुबाई किनवटकडची, तारामतीबाई उमरीच्या, दोघी एकाच मुलखातल्या; बाईंना त्या शब्दाचा अर्थ विचारायची गरज नव्हती. सोमवारी ही म्हातारी साखळकरांच्याच सहीनं पुन्हा बांध चढली असती.

त्यांनी गुडघे तपासले. वाकवताना तळहाताखाली करकर लागली. नवा फोटो आला : दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. ते सगळं त्यांनी नीट लिहिलं, ओझं वाहणं आणि चढण बंद, हेही लिहिलं, आणि जुना कागद फाडायला उचलला. बाईंनी त्यावर हात ठेवला.

“फाडू नका, साहेब. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूला कारण लिहून सही करा.”

“कारण काय लिहू?”

“झालं ते.”

साखळकरांचे कान तापले. पण एवढ्या गर्दीत एका कागदासाठी हट्ट धरणाऱ्या या बाईंबद्दल त्यांना आज मनापासून आदर वाटला. त्यांनी लिहिलं : ‘रुग्णाने बरोबर सांगितले होते. डॉक्टरला शब्द समजला नाही.’

नागुबाईनं विचारलं, साहेबांनी एवढं काय लिहिलं. बाईंनी वाचून दाखवलं.

“आता कळला न्हवं?” नागुबाई साखळकरांना म्हणाली. “मग झालं.”