बाटलीत नसलेलं लोह

वडशाच्या मोहसीन टेलरनं गरोदर बायकोसाठी, निशातसाठी, खनिजांच्या गोळ्यांची महागडी बाटली आणली आणि सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या बंद करायला लावल्या. "फुकटच्या गोळ्यांत काय दम राह्यते?"

काही आठवड्यांनी निशात चक्कर येऊन पडली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग बाटली वाचली. "रक्त फार कमी झालंय. यात कॅल्शियम आहे, जस्त आहे, पण लोहच नाही. लोहाच्या लाल गोळ्या का सोडल्या?"

"मीच घ्याले विसरली," निशात खाली पाहत म्हणाली.

मोहसीनला तिच्याकडे पाहवेना. बाटलीवर काय लिहिलंय, हे त्यानं एकदाही वाचलं नव्हतं.

"नाई मॅडम, मीच बंद कराले लावल्या," तो कसाबसा बोलला.

बाईंनी लाल गोळ्या त्याच्याच हातात दिल्या. त्या घेताना त्याची मान वर झाली नाही.