पितळेची खुंटी

जमिनीच्या मोजणीत माझी निम्मी हयात गेली. पुरलेल्या हद्दीच्या खुणा शोधायला मी मेटल डिटेक्टर वापरतो. त्याच्या तीन कॉइल माझ्याकडे आहेत. कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची ती गोल थाळी, जमिनीवरून फिरवायची. मोठी थाळी खोलवर बघते, पण तिच्याखाली एका वेळी बरंच काही येतं. मोकळ्या, स्वच्छ रानात तिच्यासारखी दुसरी नाही. मधली ओल्या, खाऱ्या मातीत शांत राहते. छोटीची नजर उथळ, पण दोन खिळ्यांच्या मध्ये काही वेगळं पडलं असेल तर ते तीच ओळखते. हे सगळं मला त्या दिवशीही ठाऊक होतं. माहीत नसताना चुकलो असतो तर आज सांगायला बसलो नसतो.

एका लोहाराच्या दोन मुली होत्या. त्यानं हयातीतच अंगणाचे दोन भाग केले, हद्दीवर पितळेची एक खुंटी ठोकली आणि खुंटी हीच हद्द असं कागदावर लिहून ठेवलं. पितळ का, तर ते गंजत नाही. थोरलीनं आपल्या बाजूला शेड उभी केली. खुर्च्यांची, गाड्यांची आसनं शिवायचं तिचं काम तिथंच चाले. वडील गेले, धाकटी नवऱ्यासकट परत राहायला आली, आणि एके दिवशी तिनं टेप लावून अंगण मोजलं. बरोबर निम्म्यावरची रेघ थोरलीच्या शेडमधून जात होती.

"बाबांनी माझ्याकडे तीन हात जास्त ठेवले, कारण विहीर तुझ्याकडे गेली," थोरली म्हणाली.

"मग खुंटी दाखव. खुंटी निघाली तर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

थोरलीनं चार ठिकाणी खणून पाहिलं, पण नेमकी जागा तिला आठवेना. ज्या झाडाच्या अंदाजानं ती सांगत होती ते कधीच तोडलं होतं. म्हणून दोघींनी मिळून मला बोलावलं.

मी त्या दिवशी सकाळी एका नांगरलेल्या शेतात काम करून थेट तिकडे गेलो. मोठी थाळी लावलेलीच होती. छोटी गाडीत, मागच्या सीटखाली, पेटीत होती. बदलायची म्हणजे नट काढा, वायर सोडवा, पुन्हा गुंडाळा, मशीन नव्यानं जमिनीशी जुळवून घ्या. दहा मिनिटांचं काम. ऊन तापलं होतं, मला भूक लागली होती.

मशीन चालू केलं आणि त्यानं अखंड बडबड सुरू केली. चाळीस वर्षांच्या भट्टीचा कचरा त्या मातीत होता: खिळे, कापलेले तुकडे, भट्टीची मळी. पाऊल टाकीन तिथं लोखंड. तीन जागी खणलं, तिन्ही वेळा गंजके खिळे हाती आले.

थोरली माझ्या मागेमागे चालत होती. "भाऊ, खुंटी वीतभरच खोल आहे हो. मी स्वतः धरली होती, बाबांनी घण मारला. एवढी मोठी थाळी कशाला? लहान नाही का एखादी?"

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही आसनं शिवताना सुई कुठली घ्यावी, हे मी सांगतो का तुम्हाला?"

धाकटी हसली. मीही हसलो. थोरली माझ्या मागून बाजूला झाली.

तासाभरानं मी अहवाल लिहिला: 'मूळ खूण आढळली नाही.' खूण नाही म्हटल्यावर हद्द निम्म्यावर आली. माझी सही वाळायच्या आत धाकटी बहिणीकडे वळून म्हणाली, "बाबांच्या नावावर खोटं बोललीस ताई. तेही तीन हात जमिनीसाठी."

त्याच आठवड्यात थोरलीनं शेडचे पत्रे स्वतः उतरवले, शिलाईचं मशीन हातगाडीवर घातलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्यानं घेतली. दोघींचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं.

नऊ वर्षांनी धाकटीनं मला पुन्हा बोलावलं. शेजाऱ्याकडच्या बाजूला भिंत घालायची होती. जागा माहितीची होती, म्हणून या वेळी मी घरूनच छोटी थाळी लावून निघालो. भिंतीकडची खूण पाव तासात सापडली. धाकटी चहा ठेवायला आत गेली होती. शेडची जागा मोकळीच पडली होती, गवत वाढलेलं. तिथून सहज थाळी फिरवत परत येत होतो. खिळ्यांची कुरकुर चालू होती, आणि तिच्या मधोमध एक स्वच्छ, गोल सूर वाजला. मी मागे आलो. पुन्हा वाजला. आडवी फिरवली, तरी तोच.

खुरप्यानं माती काढली. वीतभर खाली, खिळ्यांच्या गर्दीत, घणानं चेपलेलं पिवळं डोकं दिसलं. निम्म्यापासून तीन हात, धाकटीच्या बाजूला.

क्षणभर वाटलं, माती परत लोटावी. खोटं कशाला सांगू, हात तिकडे गेलाही होता. तेवढ्यात धाकटी कप घेऊन आली आणि खड्ड्यापाशी उभी राहिली.

तिनं विचारलं, "तेव्हा का नाही वाजलं?"

"जमिनीत लोखंड फार होतं."

"ते तर आजही आहे."

"आज छोटी थाळी आहे," मी म्हणालो. "तेव्हा मोठी लावली होती. मोठीखाली दहा खिळे आणि खुंटी एकदम येतात. लोखंडाच्या गोंगाटात पितळ ऐकूच येत नाही."

"छोटी नव्हती तेव्हा तुमच्याकडे?"

"होती. गाडीत होती."

"गाडीत," ती म्हणाली. तिनं कप खाली ठेवले आणि तिथंच गवतात बसली.

संध्याकाळी आम्ही दोघं थोरलीकडे गेलो. खोलीभर फोमचे तुकडे, भिंतीला टेकवलेल्या सांगाडाच उरलेल्या खुर्च्या, खिडकीशी मशीन. तिनं सगळं ऐकून घेतलं. शिलाई मात्र ओळ पुरी झाल्यावरच थांबवली.

"वीतभरच होती ना?" तिनं मला विचारलं.

"हो ताई."

धाकटी रडायला लागली. "चुकलं माझं. मशीन वाजलं नाही, म्हणून मला वाटलं..."

"मशीन मुकं होतं गं. खोटारडी तू म्हणालीस. नऊ वर्षं मी तेच ऐकत बसले." तिचा आवाज चढला नव्हता. त्यापेक्षा तिनं ओरडलेलं परवडलं असतं.

"शेड पुन्हा बांधू आपण. माझा नवरा बांधून देईल."

"गुडघे गेले माझे. आता गिऱ्हाईकं इथं येतात. तिथं येऊन काय करू मी?"

मी म्हणालो, अहवाल दुरुस्त करून देतो. तिनं लगेच वही पुढे केली. मी लिहिलं: 'खूण मूळ जागी होती. त्या वेळी अयोग्य कॉइल वापरली गेल्याने आढळली नाही.'

तिनं चष्मा लावून वाचलं. "वापरली गेली? आपोआप गेली का ती?"

मी खोडून पुन्हा लिहिलं: 'मी अयोग्य कॉइल वापरली. योग्य कॉइल माझ्या गाडीत होती. थोरल्या बहिणीने मला सांगितले होते.' शेवटचं वाक्य तिनं मागितलं नव्हतं. पण ते लिहिल्याशिवाय मला सही करवेना. तिनं कागद घडी करून दोऱ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, "बरं, या आता. उद्या चार आसनं द्यायची आहेत."

घरी येऊन मी जुने अहवाल काढले. 'आढळली नाही' असं लिहिलेले चौदा निघाले. त्यांतल्या किती ठिकाणी खूण खरंच नव्हती आणि किती ठिकाणी मला थाळी बदलायचा कंटाळा आला होता, हे आता मलाही सांगता येईना. एकेक घर गाठतो आहे. आजवर पाच झाली. दोन ठिकाणी खुणा निघाल्या. त्यांतल्या एका घरातला म्हातारा म्हणाला, "ज्याच्याशी भांडलो तो मेला. आता हे सांगू कुणाला?"

धाकटी दर आठवड्याला थोरलीकडे जाते, कापड कापून देते, फोम भरू लागते. आसनाच्या मापापुरतं दोघी बोलतात. थोरली तिला 'बस' म्हणते. 'राहा' अजून म्हणालेली नाही.