नांगर कोण धरणार

लेव्हिन ट्रुइटने दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या. एकीवर ‘नव्या घटनेच्या बाजूने’ असं छापलं होतं, दुसरीवर ‘विरोधात’. घटना मंजूर झाली की मेरीलँड राज्यातले सगळे गुलाम सुटणार होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं; पीटर्सबर्ग शहरापुढच्या खंदकांमागे मेरीलँडची अख्खी पलटण मत द्यायला रांगेत उभी होती, आणि लांबून तोफा ऐकू येत असूनही लोकांना जत्रेचा उत्साह चढला होता.

“चला धाकटे मालक, आटपा,” मागून अ‍ॅस्बरी डाइझ म्हणाला. तो दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा मुलगा; लेव्हिनला चिडवायचं तर हेच नाव. “का वडिलांना विचारून येताय?”

वडिलांचं पत्र खिशातच होतं. ‘विरोधात मत दे,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘आपला पर्नेल सुटला तर नांगर कोण धरणार?’

लेव्हिन तरी दोन वर्षं दुसरं काय बोलत होता? मी देश एकत्र ठेवायला आलोय, कुणाचे गुलाम सोडवायला नाही, असं तो प्रत्येक शेकोटीपाशी ठासून सांगे. मग गेल्या महिन्यात शेजारच्या खंदकात काळ्या शिपायांची पलटण आली. त्यातला एक लेव्हिनच्याच जिल्ह्यातला निघाला. घरी कोण कोण असतं, लेव्हिनने सहज विचारलं.

“बायको आहे. पण घरी कुठली, मालकाकडे,” तो बंदूक पुसत म्हणाला. “राष्ट्राध्यक्षांचं गुलामांच्या सुटकेचं फर्मान निघालं खरं, पण आपलं मेरीलँड त्यातून वगळलंय ना.”

तेव्हापासून लेव्हिनला शेकोटीपाशी तोंड उघडवत नव्हतं.

त्याचा नंबर आला. कॅप्टनसमोर त्याने शपथ घेतली. बिस्किटांच्या रिकाम्या पेटीला पाडलेल्या फटीतून त्याने एक चिठ्ठी आत सारली, दुसरी टराटरा फाडली, आणि इतका आनंद झाला की डोक्यावरची टोपी काढून त्याने उंच उडवली.

“बाजूने?” अ‍ॅस्बरीचा विश्वास बसेना. “म्हातारा घरात घेईल का तुला?”

“न घेऊन सांगतो कुणाला? शेतावर माणूस लागणारच आहे त्याला.”

हसतच तो ढकलगाडीवर बसला आणि मांडीवर कागद घेऊन झरझर लिहू लागला. ‘बाबा, मी बाजूने मत दिलं. नांगर मी धरीन.’ इथे त्याची पेन्सिल थांबली. त्याने आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

“अ‍ॅस्बरी,” तो हळूच म्हणाला, “नांगर धरतात कसा रे?”

अ‍ॅस्बरी हसणार होता, पण हसला नाही. त्याने लेव्हिनला उठवलं, ढकलगाडीच्या दोन दांड्यांवर त्याचे हात ठेवले आणि वरून आपले ठेवले.

“इतकं आवळू नकोस, लेव्हिन,” तो म्हणाला. “आणि खाली काय बघतोस? पुढे बघ.”